मांजरपाटाचं गाणं

माझी काकू कपडे शिवत नाही, कापते. ओळख करून देताना कुणी "या शिवणकाम करतात" असं म्हणालं, तर ती लगेच दुरुस्ती करते. "शिवणाऱ्या साठ जणी आहेत हो. कापणारी मी एकटी."

तिचा कारखाना शाळेच्या गणवेशांचा. उंच खिडक्यांचा लांबलचक हॉल, त्यात शिलाई मशीनच्या चार ओळी, आणि अगदी टोकाला, जिथे उजेड सगळ्यात चांगला येतो तिथे, काकूचं टेबल. त्या टेबलावर कापड अंथरायचं, एकावर एक चाळीस थर. वर खाकी कागदाचे फर्मे, म्हणजे मापाचे साचे, मांडायचे, ते हलू नयेत म्हणून त्यांवर लोखंडी वजनं ठेवायची, खडूने कडेकडेने रेघ मारायची. मग डाव्या हातात जाळीचा लोखंडी मोजा चढवून उजव्या हाताने कापणीचं यंत्र त्या रेघेवरून न्यायचं. एका फेरीत चाळीस बाह्या निघतात. हात हलला तर चाळीस बाह्या वाया जातात.

हे काम करणाऱ्याला मास्तर म्हणतात. अकरा वर्षं मशीनवर बसून काकू त्या टेबलाशी आली, तेव्हा बाईमाणसाला काय हाक मारायची हे कुणाला कळेना. बटणं लावणारी एक मोठ्या आवाजाची बाई आहे, सगळा कारखाना तिला बटणवाली म्हणतो. तिने निकाल लावून टाकला. "मास्तर नाही तर मास्तरीण. विषय संपला."

मास्तरीण झाल्यावर पहिल्याच महिन्यात तिने घोळ घातला. बाहीचा फर्मा एकदा कापून झाला की तो उलटा करून दुसऱ्या हाताची बाही कापायची असते. काकू उलटा करायला विसरली. चाळीस शर्टांच्या ऐंशी बाह्या निघाल्या, त्या सगळ्या डाव्या. पुढे वर्षभर तिला कुणी काही मागितलं की वर जोडायचं, "उजवी दे हं मास्तरीण, डाव्या पुष्कळ आहेत." काकूही हसायची. पण तेव्हापासून तिने स्वतःला एक शिस्त लावून घेतली. तीनदा मोजल्याशिवाय कात्री उघडायची नाही. गेल्या नऊ वर्षांत तिच्या टेबलावरून एक बाही वाया गेलेली नाही. मी तिची पुतणी आहे म्हणून हे म्हणत नाही, कारखान्याच्या मॅनेजरबाईंच्या तोंडून ऐकलंय.

एम.ए. करायला मी काकूच्या घरी राहायला आले, तेव्हा मला तिचं दुसरं काम कळलं. कारखान्यात कुणी निवृत्त झालं, कुणाचं लग्न ठरलं, कुणी बाळंतपणाहून परत आलं, की काकू एखाद्या ओळखीच्या चालीवर चार कडवी बसवून द्यायची. त्यात त्या बाईच्या सगळ्या खोड्या असायच्या. ती डब्यातलं लोणचं कसं लपवते, सुई कुठे खोचून विसरते. जेवणाच्या सुट्टीत गाणं व्हायचं, जिच्यावर असेल ती रडायची आणि बाकीच्या पोट धरून हसायच्या. "चाल तयार असली की मला काय कष्ट?" काकू म्हणायची. "अस्तर लावल्यासारखं. वरचा कोट दुसऱ्याने शिवलेला असतोच."

मग रेडिओ केंद्राचं पत्र आलं.

ठिकठिकाणच्या कामगारांनी स्वतः केलेली गाणी ते लोक प्रसारित करणार होते. अट एवढीच, की चाल नवी हवी, शब्द नवे हवेत, आणि दोन्ही त्याच जागेच्या माणसांचे हवेत. मॅनेजरबाईंनी पत्र हॉलमध्ये उभं राहून वाचलं. वाचून संपायच्या आत बटणवाली म्हणाली, "शब्द मास्तरीण देईल." आणि काकूने साठ जणींच्या देखत मान हलवली. "देते की."

चाल मिस्त्रींनी केली. मिस्त्री म्हणजे मशीन दुरुस्त करणारे, साठीला टेकलेले, दिवसातून मोजून वीस शब्द बोलणारे गृहस्थ. त्यांच्या खिशात पेचकसाशेजारी एक माउथ ऑर्गन असतो आणि त्यालाही मशीनच्या तेलाचा वास येतो. तीन दिवसांत त्यांनी चाल बांधली. जेवणाच्या सुट्टीत वाजवून दाखवली तेव्हा सगळ्याजणींचे डबे तसेच उघडे राहिले. सुरुवातीला ती चाल कुणीतरी जिन्यावरून उतरत यावं तशी येते, आणि मध्येच एका पायरीवर थांबते. काकू माझ्यासाठी ती घरी गुणगुणायची. तिचा आवाज कापड फाडल्यासारखा आहे, पण त्या आवाजातही चाल कळायची.

"आता शब्द," मिस्त्री काकूला म्हणाले. त्या दिवसाचे त्यांचे बहुतेक ते शेवटचे दोन शब्द असावेत.

काकूने तिच्या पद्धतीने सुरुवात केली. म्हणजे आधी माप घेतलं. खाकी कागदाच्या एका लांब पट्टीवर तिने चाल आखली. प्रत्येक ठोक्याला एक उभी रेघ, लांब सुराला लांब जागा, थांबायच्या ठिकाणी फुली. पट्टी इतकी नीटस झाली की ती कुठल्या तरी सदऱ्याची नक्षी वाटावी. मग ती वही उघडून, पेनाच्या मागच्या टोकाला दात लावून बसली, आणि तिथेच राहिली.

पहिले दोन दिवस कुणाला काही वाटलं नाही. पाचव्या दिवशी काका म्हणाले, "अगं, चाळीस थरांवर यंत्र फिरवताना तुझा हात थरथरत नाही, आणि एका कागदाला घाबरतेस?"

"तिथे रेघ आधी मारलेली असते," काकू म्हणाली. "इथे रेघच नाही. काय कापू?"

एखादी ओळ सुचली तरी ती कागदावर उतरायच्या आत काकू तिला तीनदा मोजायची. पहिल्यांदा बरी वाटायची, दुसऱ्यांदा तोकडी, तिसऱ्यांदा तिचं तोंड कडू व्हायचं. ती लिहायचीच नाही. वहीच्या पहिल्या पानावर फक्त तारीख होती, आणि ती तारीख रोज जुनी होत होती.

मी मदतीला धावले. साहित्याची विद्यार्थिनी घरात असताना शब्दांची ददात कशी असेल, असं मला मनापासून वाटत होतं. मी तिला एक यादी करून दिली. वस्त्र, धागा, विणकर, निर्मिती, स्वप्नांची वीण, असं बरंच काही. काकूने ती यादी शांतपणे वाचली. कापड तपासताना फिरवते तसा एका शब्दावरून अंगठा फिरवला.

"छान आहे गं हा शब्द," ती म्हणाली. "पण आमच्यातली कुणी तो घालून घराबाहेर पडणार नाही."

मी यादी परत घेतली. वर्गात असं स्पष्ट कुणी बोलत नाही.

बाराव्या दिवशी मॅनेजरबाईंनी एक टंकलेला कागद आणला. कारखाना चालवणाऱ्या संस्थेच्या समितीवर एक निवृत्त सर आहेत, सत्कार समारंभांना ते कविता करून देतात. त्यांनी न मागता गीत पाठवलं होतं. बाईंनी ते जेवणाच्या सुट्टीत वाचून दाखवलं. "कर्मयोगिनी आम्ही साऱ्या, श्रमदीप उजळितो." तशी पाच कडवी.

बटणवालीने तोंडातला घास संपवला. "हे गाताना मला पोट आत घेऊन उभं राहावं लागेल," ती म्हणाली.

हशा झाला, पण मॅनेजरबाई हसल्या नाहीत. "चालीत बसतंय. मिस्त्रींना विचारा." मिस्त्रींनी छताकडे बघितलं. "आणि सर समितीवर आहेत म्हणजे आपलेच झाले. मास्तरीण, सोमवारी सकाळपर्यंत तुझं आलं तर तुझंच घेऊ. नाही आलं तर दुपारपासून हे बसवायचं. पुढच्या रविवारी रेकॉर्डिंग आहे, मला तोंडघशी पडायचं नाहीये."

तो दिवस गुरुवार होता.

घरी आल्यावर काकूने चहा केला आणि तो प्यायची विसरली. मी म्हटलं, "जाऊ दे ना काकू. एक गाणं आहे. सरांचं तर सरांचं."

ती माझ्याकडे वळली. तिला रागावलेलं मी क्वचित पाहिलंय.

"एक गाणं नाही ते. नऊ वर्षं मी या बायकांना कापून देतेय. त्या डोळे मिटून शिवतात, कारण मास्तरणीचं कापलेलं आहे, जुळणारच. आता त्या तोंड उघडणार आणि आत दुसऱ्याच्या मापाचे शब्द. खांद्यावरून घसरतायत, काखेत आवळतायत. ऐकणाऱ्याला वाटेल, यांना स्वतःचं बोलता येत नाही. आणि ते कुणामुळे? मी 'देते की' म्हणाले आणि दिलं नाही, म्हणून."

तिने निवलेला चहा ओतून टाकला.

दुसऱ्या दिवशी माझं कॉलेज नव्हतं. काकू डबा विसरून गेली होती, म्हणून दुपारी मी तो द्यायला कारखान्यात गेले. तिच्या टेबलाशी एक आई आणि तिची नऊ-दहा वर्षांची मुलगी उभी होती. मुलीच्या अंगात छातीपासून कमरेपर्यंत कडक पट्टा होता, पाठीचा कणा सरळ राहावा म्हणून डॉक्टरांनी दिलेला. तयार गणवेश तिच्या अंगावर चढेना. शाळेने तिला काकूकडे धाडलं होतं.

अशा वेळी काकू चांगल्या कापडाला हात लावत नाही. आधी मांजरपाटाचा सदरा करते. मांजरपाट म्हणजे ते जाडंभरडं, पिवळट, न धुतलेलं सुती कापड. स्वस्त असतं आणि दिसायला अगदीच अजागळ. मोठे मोठे टाके घालून त्याचा सदरा शिवायचा, माणसाच्या अंगावर चढवायचा आणि मग त्याचे हाल करायचे. जिथे आवळतो तिथे फाडायचं, जिथे ढिला होतो तिथे टाचणी मारायची, थेट कापडावरच खडूने खुणा करायच्या. नंतर सगळे टाके उसवून त्याचे तुकडे चांगल्या कापडावर ठेवायचे आणि त्या मापाने कापायचं. तो सदरा कुणी घालत नाही.

मुलगी बडबडी होती. तिला स्वस्थ उभं राहवत नव्हतं.

"हात वर कर बाळ. अजून. दुखतंय का?"

"नाही. पण इथे टोचतंय."

काकूने खांद्याची शिवण बोटांनी टर्रकन फाडली. मुलगी दचकली.

"फाटला!"

"फाटू दे."

"आणि खडूने घाण पण झाला. मावशी, तुम्ही किती घाण केलात हा!"

"घाण व्हायलाच असतो तो," काकू म्हणाली. "आधी याला घाण करायचं, म्हणजे तुझा चांगला..."

ती मध्येच थांबली. तिच्या ओठांत टाचणी होती आणि हातात खडू. मला वाटलं टाचणी टोचली. पण ती त्या पिवळट सदऱ्याकडे, म्हणजे त्याच्यावर मारलेल्या वेड्यावाकड्या रेघांकडे, बघत राहिली होती.

"मावशी?"

"हो बाळ. दुसरा हात."

मुलीला खिसा उजवीकडे हवा होता, कारण पट्ट्यामुळे डावीकडे हात पोचत नव्हता. काकूने उजवीकडे खूण केली. आईने जाता जाता दबक्या आवाजात विचारलं, "आत थोडं कापड राखाल का? डॉक्टर म्हणतात दोन वर्षांत पट्टा निघेल. उंचीही वाढेल म्हणे. मी घरीच उसवून सोडेन."

"राखते," काकू म्हणाली. "सगळ्यांच्याच राखतो आम्ही. तुमच्या जरा जास्त राखते."

त्या गेल्यावर काकूने डबा उघडलाही नाही. हॉलच्या दुसऱ्या टोकाला मिस्त्री एका मशीनच्या पोटात हात घालून बसले होते. तिथवर ती जवळजवळ धावत गेली, तिच्यामागे मी.

"मिस्त्री, उद्या अर्धा दिवस आहे. सगळ्या गेल्या की थांबाल?"

मिस्त्रींनी मान हलवली.

"आणि तू पण ये," ती मला म्हणाली. "वही घेऊन. आपण घाण करायचंय."

शनिवारी दुपारी हॉल रिकामा झाला. सगळी मशीनं झाकलेली, खिडक्यांतून उन्हाचे चौकोन जमिनीवर आलेले. बटणवाली गेली नाही, तिला काहीतरी शिजतंय याचा वास लागला होता. ती एका खुर्चीवर पाय वर घेऊन बसली. मिस्त्रींनी माउथ ऑर्गन पॅंटला पुसला.

"वाजवा," काकू म्हणाली. "मी काय वाटेल ते बोलणार. कुणी हसायचं नाही. म्हणजे हसलात तरी चालेल. आणि तू," माझ्याकडे बोट करून, "जे ऐकशील ते लिहायचं. सुधारायचं नाही. एक अक्षर सुधारलंस तर बघ."

आणि काकू त्या फाटक्या आवाजात गायला लागली:

कात्री कुठं गेली गं, आत्ता इथं होती गं,
चहा निवून गेला गं, झाकण कुणी काढलं गं,
मिस्त्री आला तेल घेऊन, मशीन बंद पडलं गं,
बटणवाली ओरडली अन् दुपार झाली आडवी गं!

बटणवाली खुर्चीवरून पडायची बाकी होती. मिस्त्रींचा सूर हसण्याने फुटला, आणि मिस्त्री हसतात हे मला त्या दिवशी कळलं. काकू थांबली नाही. टेबल, टाचण्या, मॅनेजरबाईंचा चष्मा, तुंबलेली मोरी, जे सापडेल ते तिने चालीत कोंबलं. काही ठिकाणी शब्द बाहेर लोंबत होते, काही ठिकाणी चालीला कमी पडत होते. मी लिहीत होते. दोन आठवडे कोरी राहिलेली वही अर्ध्या तासात चार पानं भरली, आणि त्यातली एकही ओळ कुणाला दाखवण्यासारखी नव्हती.

"झालं," काकू म्हणाली. "मांजरपाट तयार. आता अंगावर घालून बघू."

तिने ती पानं टेबलावर पसरली आणि खडू घेतला. वहीवर खडू नीट उमटेना, तर तिने सगळं भराभर खाकी कागदावर मोठ्या अक्षरांत उतरवलं. मग बटणवालीला गायला लावलं. बटणवाली गाताना काकू तिच्या तोंडाकडे बघत होती, अंगावरच्या सदऱ्याकडे बघावं तशी.

"थांब. 'झाकण' म्हणताना तुझी मान आवळते."

"चाल वर जाते ना तिथे."

खडूची फुली. "इथे मोकळा शब्द हवा. आणि शेवटचा सूर लांब आहे, तिथे तोंड उघडं राहिलं पाहिजे. 'गं' बरं चाललं तिथे. तसंच काहीतरी."

मला तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मी तिच्या टेबलाशी रोज बघत आले होते. ती घाबरलेली नव्हती, कामाला लागली होती. आता तिच्यापुढे कोरा कागद नव्हता. एक बेढब, हास्यास्पद, पण पुरा सदरा होता, आणि कुठे आवळतो, कुठे सुटतो ते तिला डोळ्यांनी दिसत होतं.

"ती आई काय म्हणाली काल?" तिने मला विचारलं. "उंची वाढेल."

"हो. आणि मी घरीच सोडेन म्हणाली."

काकूने "आत्ता इथं होती गं" वर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, "हात तुझा वाढू दे." बटणवालीने गाऊन बघितलं. शेवटच्या सुरावर तिचं तोंड उघडं राहिलं. मिस्त्रींनी माउथ ऑर्गन ओठांवरून काढला.

"बसलं," ते म्हणाले.

बाकीचं त्या एका ओळीमागून आलं, मागे पुढे करत, कधी शेवट आधी तर कधी सुरुवात नंतर. सगळं सुरळीत झालं असं नाही. एका कडव्यापाशी सव्वा तास गेला, बटणवालीचा घसा बसला, मिस्त्री दोनदा "पुरे" म्हणाले. मी मध्येच एक शब्द सुचवला तो काकूने घेतला, आणि पुढच्याच ओळीत काढून टाकला. पण ऊन खिडकीच्या चौकटीवरून निघून जायच्या आत खाकी कागदावर हे उभं होतं:

बाही माझ्या हातची, हात तुझा वाढू दे;
आत राखली दुमड मी, आईलाच सोडू दे.

खिसा दिला उजवीकडं, काय त्यात ठेवशील?
खडू, गोटी, चिठ्ठी, काडी. मला कधी सांगशील?

नाव माझं नाही कुठं, रस्ताभर मी चालते;
शंभर सदऱ्यांतून रोज शाळेपाशी थांबते.

शिवण कधी उसवली तर रडायचं नाही हं;
दोरा आहे, सुई आहे, आम्ही आहोत इथंच हं.

पहिल्या हसऱ्या गाण्यातली एक ओळही त्यात उरली नव्हती.

सोमवारी सकाळी काकूने तो कागद मॅनेजरबाईंच्या टेबलावर ठेवला. बाईंनी चष्मा लावून वाचला, मग चष्मा काढून पुन्हा वाचला. त्यांना दोन मुलगे आहेत, दोघेही आता परगावी.

"चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "पण मास्तरीण, यात श्रम कुठे आहे? कामगारांचं गाणं आहे ना?"

"श्रम आम्ही रोज करतो बाई," काकू म्हणाली. "लिहून कशाला दाखवायचा?"

सरांचा टंकलेला कागद बाईंनी खणात ठेवला. सरांना काय सांगायचं ते त्यांचं त्या बघून घेणार होत्या.

आठवडाभर गाणं बसवलं. अकरा जणी गाणार होत्या, मिस्त्री साथीला. रविवारी सकाळी आम्ही रेडिओ केंद्रावर पोचलो, तेव्हा बटणवालीने नवी चप्पल घातली होती आणि ती चावत होती. आत भिंतींना भोकाभोकांची लाकडी फळी, पायाखाली जाड गालिचा, बोललेलं सगळं मऊ पडणारं. कामाचा भार असलेल्या, पण प्रेमळ दिसणाऱ्या एक बाई अर्ज भरून घेत होत्या.

"चाल कोणाची?"

मिस्त्रींनी स्वतःच्या छातीला बोट लावलं आणि नाव सांगितलं.

"शब्द?"

मॅनेजरबाई पुढे झाल्या. "लिहा, संस्थेच्या महिला कर्मचारी. म्हणजे सगळ्यांचंच आलं त्यात."

रेडिओच्या बाईंनी पेन टेकवलं. बटणवालीने श्वास घेतला, म्हणजे आता ती काहीतरी मोठ्याने बोलणार होती. पण तिच्या आधी काकू बोलली.

"थांबा. गातायत सगळ्या. लिहिलंय मी."

तिने आवाज चढवला नाही. चुकीच्या रेघेवर कुणी कात्री लावायला गेलं की ती जशी हात आडवा घालते तशी म्हणाली. मग तिने आपलं पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट, सावकाश, आणि बाईंनी ते लिहिल्यावर कागद स्वतःकडे फिरवून घेऊन तपासलं. मॅनेजरबाईंनी आधी तिच्याकडे आणि मग जमिनीकडे बघितलं. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मला सुचायला हवं होतं."

एकदा तालीम म्हणून सगळं गाऊन झालं. काचेपलीकडच्या तंत्रज्ञाने घड्याळ बघून मान हलवली. रेडिओच्या बाई आत आल्या.

"सुंदर आहे हो. पण चाळीस सेकंद जास्त होतायत. एक कडवं कमी करावं लागेल. काळजी करू नका, कुठलं ते आम्ही ठरवतो, गाण्याला धक्का न लावता..."

"कापायचं काम माझं," काकू म्हणाली.

तिने कागद मांडीवर घेतला. पेन्सिल मागितली. मी तिच्या शेजारीच बसले होते, आणि मनातल्या मनात म्हणत होते, खिशाचं काप, ते हलकंफुलकं आहे, जाईल. काकूने तीनदा मोजलं नाही. एकदाच वरून खाली नजर फिरवली आणि तिसऱ्या कडव्यावर एका दमात सरळ रेघ ओढली.

"काकू, ते नको!" माझ्या तोंडून निघून गेलं. चारांतलं माझं सगळ्यात लाडकं कडवं ते. शंभर सदऱ्यांतून रस्ताभर चालणारी बाई मला आठवडाभर झोपेतही दिसत होती.

"मास्तरीण, अगं सगळ्यात भारी तेच आहे!" बटणवाली ओरडली. मिस्त्रींनीही भुवया उंचावल्या.

"भारी आहे," काकू म्हणाली. "शनिवारी खरंही होतं. पण आत्ता या बाईंनी माझं नाव लिहून घेतलं, तुमच्या सगळ्यांसमोर. आता 'नाव माझं नाही कुठं' असं कोण गाणार? खोटं पडेल ते."

रेडिओच्या बाई हसल्या. कागदावरच्या रेघेकडे बघून म्हणाल्या, "वर्षानुवर्षं कवी लोकांना कडवं गाळायला सांगते मी. भांडतात हो."

"त्यांना सवय नसेल," काकू म्हणाली.

दाराच्या वरचा लाल दिवा लागला. अकरा जणी सरसावून उभ्या राहिल्या. बटणवालीने पायातल्या चपला काढून बाजूला सारल्या. मिस्त्रींनी माउथ ऑर्गन ओठांना लावला आणि ती चाल पुन्हा एकदा जिन्यावरून उतरत आली. काकू काचेच्या अलीकडे माझ्याजवळ बसली होती. तिचे ओठ हलत नव्हते. हात मांडीवर पालथे ठेवलेले, मान ताठ. बायका पहिल्या ओळीच्या शेवटच्या सुरावर पोचल्या, अकरा तोंडं उघडी राहिली, आणि गाणं संपेपर्यंत काकूने खुर्चीला पाठ टेकली नाही.